पुढून तीन बोटं उंच

६ ऑक्टोबर

दादा,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस, इथे सगळे धडधाकट आहेत. फोन लागत नाही एवढंच. पुरात पूल गेला आणि त्याच्या टोकाशी उभा असलेला टॉवरही गेला. पोस्टमन पिशवी डोक्यावर घेऊन पायी नदी ओलांडतो, त्यामुळे पत्रांना थोडा ओलसर वास येईल.

काम आहे म्हणून लिहितेय. पुलाच्या जागी रस्तावाल्यांनी नदीच्या पात्रातून वाट काढून दिलीय. वाट कसली, नुसते गोटे. आपली पिकअप पुढून खाली आहे हे तुला माहीतच आहे. मागच्या आठवड्यात इंजिनाखालच्या ऑइलच्या चेंबरला दगड लागला आणि इंजिनातलं निम्मं ऑइल नदीत गेलं. वस्तीवर चालती गाडी ही एकच उरलीय. पीठ, गॅसच्या टाक्या, औषधं, सगळं हिच्यातूनच वर येतं. शिवाय मास्तरीणबाईंना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला खाली न्यावं लागतं. एक खेप चुकली की त्यांचे पाय सुजतात. दोन चुकल्या तर काय, ते कोणी बोलत नाही.

तर ह्यांच्या मनात गाडी पुढून उचलायची आहे. शहरात त्याचा पुरा सेट मिळतो म्हणे, पण तो घ्यायचा तर गाडी विकावी लागेल, आणि मग सेट लावायचा कशाला? वेल्डर म्हणतो, भंगारातल्या जाड पाइपच्या कड्या कापतो, स्प्रिंगच्या डोक्यावर बसवतो, की गाडी आपोआप उंच. तू जन्मभर गाड्यांच्या पुढच्या चाकांखाली आडवा पडलायस. सांग, असं चालतं का? किती उंच करावी?

नदीचं एक वेळ ठीक आहे रे, पण तिच्या आधी कड्यावरची वाट लागते. उतरताना डावीकडे दरी, आणि रस्ता एका गाडीपुरता. तिथे आलं की मागे बसलेली माणसं बोलायची थांबतात. मला त्या जागेची फार भीती वाटते.

ह्यांना लिहायला सवड नाही, म्हणून मी लिहितेय. लवकर उत्तर दे.

मनी

१४ ऑक्टोबर

मने,

पत्र पोचलं. तुझी वहिनी म्हणते, बायकोला भावाशी स्प्रिंगबद्दल लिहायला लावणारा नवरा पहिल्यांदाच पाहिला. मेहुण्यांना दोन ओळी खरडायला हात दुखतो काय?

आता कामाचं. कडी टाकून गाडी उंच होते, त्यात वेल्डर खोटं बोलत नाही. पण गाडी म्हणजे टेबल नव्हे, की पायाखाली वीट सरकवली आणि झालं. चाक ज्या आर्मला, म्हणजे लोखंडी दांड्यांना, धरलेलं असतं ते आर्म उंची वाढली की खाली कलतात. त्यांच्या टोकाला बॉल जॉइंट असतो, आपल्या खांद्याच्या गोळ्यासारखा समज. खांदा एका हद्दीपर्यंत फिरतो, त्यापुढे ओढला तर निखळतो. म्हणून एक बोट जाडीची कडी, त्याहून जास्त नाही. एकीवर एक तर मुळीच नाही. कडी बसवल्यावर गाडी जॅकवर घेऊन चाक लटकतं सोडायचं आणि ब्रेकची रबरी नळी बघायची. ती सैल असली पाहिजे. मग खाली शहरात जाऊन चाकांचं अलाइनमेंट करून घ्यायचं. यातलं एकही काम 'पुढच्या वेळी बघू' म्हणून सोडायचं नाही.

खरं विचारशील तर तुमचा आजार म्हशीला आणि औषध पखालीला असं चाललंय. दगड चेंबरला लागतात ना? मग चेंबरखाली जाड पत्रा ठोका. वेल्डरला हौसच असेल तर ती तिथे भागवू दे.

मी हे सगळं उंटावरून शेळ्या हाकल्यासारखं सांगतोय, ते मला कळतं. गाडी डोळ्यांसमोर असती तर हात लावून सांगितलं असतं. मेहुण्यांना म्हणावं, घाई करू नका.

दादा

२३ ऑक्टोबर

दादा,

तुझं पत्र आलं तेव्हा कड्या बसून गेल्या होत्या. वेल्डरकडे पाइप होता तो जाड होता आणि त्याचा उत्साह त्याहून जाड. 'जेवढी उंच तेवढी चांगली, वहिनी,' म्हणाला. तीन बोटं झालीय. पुढून गाडी अशी मान वर करून उभी राहते की बघणाऱ्याला वाटावं आता शिंकणार. पत्रा मारायचं त्याला सांगितलं, तर म्हणतो आता गरज काय?

आणि खरंच, नदीत आता खालून काही लागत नाही. पहिल्या दिवशी सगळे खूश होते. मुकादम, म्हणजे रस्त्याच्या कामावर देखरेख करणारा, बोनेटवर थाप मारून म्हणाला, 'आता कशी वाघीण झाली!'

पण ब्रेक दाबला की स्टेअरिंग डावीकडे निसटतं. घट्ट धरून ठेवावं लागतं, वर पोचेपर्यंत मनगटं भरून येतात. आणि परवापासून वळणावर डाव्या चाकातून 'टक्' असा आवाज येतोय. मोठा नाही. कानाला कळायच्या आधी पायाच्या तळव्याला कळतो. नेमका कड्यावरच जास्त येतो, की कड्यावर मी जास्त ऐकते, कुणास ठाऊक. वेल्डर म्हणतो नवीन काम आहे, बसेल हळूहळू. अलाइनमेंटचं यंत्र शहरात बिघडलंय.

ह्याला घाबरायचं की नाही, तेवढं सांग. तू नाही म्हणालास तर मी नाही घाबरणार.

मनी

३० ऑक्टोबर

मने,

घाबर. चांगली घाबर.

आणि आता मला खरं सांग. मनगटं कोणाची भरून येतात? मेहुण्यांची मनगटं म्हणजे मुसळं आहेत, ती स्टेअरिंगने भरून यायची नाहीत. आवाज पायाच्या तळव्याला कळतो हे शेजारी बसणाऱ्याला सुचत नाही. ते पेडलवर पाय असणाऱ्यालाच कळतं. दोन पत्रं झाली, 'हे म्हणाले' असं एक वाक्यसुद्धा धड आलेलं नाही. गाडी कोण चालवतंय?

तुझं पत्र वहिनीने मोठ्याने वाचलं आणि वाचता वाचता ती मध्येच थांबली. मग आम्ही तुझं पहिलं पत्रही काढून परत वाचलं.

उत्तर काय द्यायचं ते दे, पण आधी हे कर. सपाट जागी, मागच्या चाकांना दगड लावून, डावी बाजू जॅकवर घे. जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरायचं नाही, बाहेरून बघायचं. एक, ब्रेकची नळी ताणलीय का? दोन, टायरच्या आतल्या कडेवरून तळहात फिरव, करवतीसारखी लागते का? तीन, बॉल जॉइंटवर रबराची टोपी असते, ती फाटलीय का, ग्रीस बाहेर आलंय का? तिन्हींपैकी एकाचं जरी उत्तर 'हो' आलं तरी गाडी उभी करायची. कोण काय म्हणतं ते ऐकायचं नाही.

मी सुट्टी मागितलीय. बंदरात जहाज लागलंय, आमचे सगळे ट्रक माल उतरवायला लागलेत, साहेब म्हणतात ते रिकामं झाल्यावर बघू. मी म्हटलं, बघू नका, द्या.

दादा

७ नोव्हेंबर

दादा,

मी चालवते.

हे पूल जायच्या आधीच टाक्या उतरवताना फळीवरून पडले. मांडीचं हाड मोडलं, आत सळई घातलीय, अजून उठून बसायला दोघं लागतात. तुला कळवलं नाही, कारण तू धावत आला असतास आणि पहिलं काम म्हणजे माझ्या हातातली किल्ली काढून घेतली असतीस. मग मास्तरीणबाईंना कोणी नेलं असतं? वस्तीवर दुसऱ्या कुणाला चालवता येत नाही. ज्यांना येतं ते कामाला खाली गेले ते पूल गेल्यापासून तिकडेच राहतात.

ह्यांनीच शिकवलं. मी घरासमोरच्या मैदानात गोल गोल फिरायची आणि हे खिडकीतून ओरडायचे, 'क्लच! अगं क्लच, तो ब्रेक झाला!' घरात आल्यावर ताटली हातात धरून वळणं घ्यायला लावायचे. हसत होतो आम्ही तेव्हा. चेंबर फुटला तो माझ्याच हातून फुटला.

आता हसत नाही. निघायच्या दिवशी सकाळी मला उलटी होते. ती आटोपली की तोंड धुऊन बाहेर येते आणि लोकांना म्हणते, चला. हे खाटेवरून इंजिनाचा आवाज ऐकत राहतात. कड्यापलीकडे आवाज जात नाही, तेव्हापासून मी परत येईपर्यंत पाणीसुद्धा पीत नाहीत, असं सासूबाई सांगतात. मला विचारतात, 'आवाज येतो का गं अजून?' मी म्हणते, 'कमी झालाय.' तुझ्याशी खोटं, ह्यांच्याशी खोटं. खरं फक्त त्या चाकाशी बोलते, दर वळणावर, 'धर रे बाबा, एवढं धर.'

तू सांगितलेलं सगळं पाहिलं. नळी तारेसारखी ताणलीय. टायरची कड करवतीसारखी लागते, तळहात खरचटला. टोपी फाटलीय. तिन्हींची उत्तरं 'हो' आहेत, दादा.

बाकीच्या खेपा मी बंद केल्या. पिठासाठी लोक पायी जातात आणि येताना माझ्या घरावरून मान फिरवून जातात. पण मास्तरीणबाईंच्या दोन खेपा कशा बंद करू? आणि त्यांना न्यायचं म्हटलं की आणखी चारजण मागे चढतातच. वेल्डर कडी काढायला तयार नाही, म्हणतो ग्रीस मारा. मीच काढू का? कशी काढायची ते लिही.

मनी

१५ नोव्हेंबर

मने,

कडीला हात लावू नकोस. दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणसाचा जबडा घेऊन जाते. मी ते डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून सांगतोय. कितीही वाटलं तरी नाही.

दोन नवे बॉल जॉइंट आणि लांब ब्रेकनळ्या घेऊन ठेवल्यात. येत्या आठवड्यात निघतो, सुट्टी मिळो न मिळो. तोपर्यंत गाडी हलवू नकोस. मास्तरीणबाईंना खुर्चीला बांबू बांधून चौघांनी खांद्यावर न्यावं, पलीकडे डांबरी रस्त्यावर बस मिळते.

त्यातूनही गाडी काढावीच लागली, तर कड्याच्या अलीकडे सगळ्यांना उतरव. एकालाही मागे ठेवू नकोस. भित्री म्हणतील. म्हणू देत. मी पंचवीस वर्षं हे काम करतोय आणि ह्या कामात मला जे काही येतं ते भीतीनेच शिकवलंय.

किल्ली तुझ्याकडून काढून घेतली असती, म्हणतेस. हो, घेतली असती. त्याबद्दल भेटल्यावर भांडू.

दादा

१९ नोव्हेंबर

दादा,

तुझं पत्र आज मिळालं. परवा जे झालं ते त्याच्या आधी झालं. मी ठीक आहे, आधी एवढं वाच. आता सांगते.

खुर्चीचं मलाही सुचलं होतं. मी बोलूनही दाखवलं, पण कोणी मनावर घेतलं नाही. 'गाडी असताना माणसं कशाला जुंपायची?' असं मुकादमच म्हणाला. मास्तरीणबाईंची आधीची खेप चुकली होती, चेहरा सुजून डोळे बारीक झाले होते. म्हणून निघाले. त्या माझ्या शेजारी, मागे पाचजण, त्यात मुकादम, आणि भाजीचे रिकामे क्रेट.

कड्याच्या अलीकडच्या वळणापर्यंत टक् टक् येत होतं. मग ते थांबलं. एकदम. मागून कोणीतरी म्हणालं, 'बघा, बसलं! उगाच घाबरत होती.' दादा, तो आवाज होता तोवर मला निदान कळत होतं की चाक कुठवर आलंय. आवाज गेला आणि माझा पाय ब्रेकवर आपोआप गेला. स्टेअरिंग फिरवून पाहिलं तर अर्ध्यात जड लागलं, जणू आतून कोणीतरी धरून ठेवलंय.

मी म्हटलं, 'सगळे उतरा.'

'इथे?' मुकादम म्हणाला. 'अहो, पलीकडे बस सुटेल.'

'उतरा.'

'त्यांना चालता येतंय का? बघा तरी त्यांच्याकडे. सरका तुम्ही, रोलर चालवतो मी, ही काय चीज आहे.' तो खाली उतरून माझ्या दाराशी आला, दार उघडलं त्याने. मी किल्ली काढून मुठीत धरली. म्हटलं, 'हात लावाल तर किल्ली दरीत टाकीन. मग ढकला गाडी.' माझा आवाज मलाच ओळखू येईना. त्याने मला घाबरट म्हटलं. मी म्हटलं, 'आहे. उतरा.'

मग मास्तरीणबाईच म्हणाल्या, 'उतरवा रे मला. ही वर्गात कधी पुढच्या बाकावर नसायची, पण खोटं रडायचीही नाही.' त्यांना क्रेटवर बसवून दोघांनी धरलं आणि बाकीचे आळीपाळीने खांदा देत कड्यावरून पुढे गेले. मुकादम सगळ्यात शेवटी गेला, सारखं मागे बघत.

गाडी तिथेच सोडून द्यायला हवी होती, हो ना? पण वाट तिनेच अडवली होती, आणि वरून रस्तावाल्यांचा रोलर यायचा होता. मागे वळण, मागे घेता येईना. मग मी दाराची काच पूर्ण खाली घेतली, पट्टा लावला नाही, आणि पहिल्या गिअरमध्ये डोंगराला चिकटून निघाले. इतकी चिकटून की उजव्या बाजूचा आरसा दगडाला घासून तुटला. माणूस चालतो त्याहूनही हळू. ह्यांचा आवाज डोक्यात चालू होता, क्लच, अगं क्लच.

अर्धा कडा गेला आणि चाक गेलं. आधी काही वाजलं नाही. डावीकडची पुढची बाजू नुसती खाली बसली, आणि मग आवाज झाला, लोखंडाचा. ब्रेक दाबला तर पेडल जमिनीला टेकलं, नळी तुटली होती. गाडी डावीकडे ओढली गेली. मी हँडब्रेक खेचला दोन्ही हातांनी. गाडीचा कोपरा मातीत रुतला, नांगरासारखा घासत थोडा पुढे गेला आणि थांबला. मागची बाजू दरीकडे सरकली होती. मागे उरलेले क्रेट दरीत गेले. ते आपटत जाताना बराच वेळ ऐकू येत होते.

मी उजवीकडून बाहेर पडले आणि डोंगराला पाठ लावून बसले. मुकादम धावत आला. गाडीकडे बघितलं, दरीकडे बघितलं आणि माझ्या शेजारी खाली बसला. त्याचे ओठ पांढरे पडले होते. तो मागे नेमका डाव्या बाजूला बसतो.

मास्तरीणबाई बसने वेळेत पोचल्या. रात्री सूज उतरली, असा निरोप आलाय.

घरी आल्यावर ह्यांना सगळं सांगितलं, सुरुवातीपासून. हे भिंतीकडे तोंड करून रडले. मग म्हणाले, 'गाडी गेली?' मी म्हटलं, 'गाडी आहे.' म्हणाले, 'मग रडतोय कशाला मी?' आणि परत रडले.

ये दादा. आता किल्ली काढून घेतलीस तरी चालेल.

मनी

२१ डिसेंबर

मने,

घरी सुखरूप पोचलो. वहिनीने तू दिलेला बरणीतला खाऊ वाटेतच का संपला म्हणून माझी उलटतपासणी घेतली.

अलाइनमेंटचा कागद सांभाळून ठेव. एक बोटाची कडी आहे आणि चेंबरखाली पत्रा आहे, आता नदीत एखादा दगड लागला तरी घाबरायचं कारण नाही. टायरच्या कडेवरून मात्र हात फिरवत जा. वेल्डरने पत्रा चांगला मारलाय, ते त्याला सांग. माणूस वाईट नाही, फक्त हात त्याच्या डोक्याच्या पुढे धावतो. मेहुणे काठीवर दारापर्यंत येतात हे बघून बरं वाटलं. किल्ली काढून घ्यायला आलो होतो, तुझ्याच हातात ठेवून आलो. ह्यावरून वहिनी मला अजून बोलतेय.

एक गोष्ट तिथे सांगितली नाही, ती इथून सांगतो. शेवटच्या दिवशी गाडीची चाचणी घ्यायला आपण दोघं निघालो. कड्याशी आल्यावर मी म्हटलं, थांब, मी उतरून चालत येतो, चालती गाडी बाहेरून बघतो, ब्रेकची नळी कशी हलते ते. नळी वगैरे काही बघायची नव्हती. सगळं मीच बसवलं होतं, नट न् नट माझ्या हाताने आवळला होता, आणि तरी ती दरी बघितल्यावर मला गाडीत बसवेना. त्या वाटेवरून तू इतके दिवस जात होतीस, त्या चाकावर, आणि मी इथे बसून तुला एक बोट, दोन बोटं शिकवत होतो. तू पुढे गेलीस आणि मी तुझ्या मागून चालत आलो. तुला वाटलं असेल, दादा काम करतोय.

दादा

३० डिसेंबर

दादा,

नळी बघणारा माणूस चाकाकडे वाकून चालतो. तू डोंगराला हात लावून चालत होतास, डोळे समोर. उजव्या बाजूच्या नव्या आरशात दिसत होतं मला.

म्हणून तर मी इतकी हळू चालवत होते. तू मागे पडू नयेस म्हणून.

मनी